कचरा जाळावा की जिरवावा?
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)



शाळा-तपासणीच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून हिंडताना एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. सकाळची घंटा होण्यापूर्वी मुले पटांगण झाडतात. पाचोळा, वह्यांची फाटकी पाने, खाऊच्या चकचकीत पुड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, क्वचित एखादी तुटकी चप्पल, असा सारा केर एका कोपऱ्यात गोळा होतो आणि वरच्या वर्गातील एखादा विद्यार्थी त्यास काडी लावतो. प्रार्थनेच्या वेळी तो धूर रांगांवरून जातो. पुढच्या रांगेतील लहान मुले खोकतात. प्रार्थना संपते, धूर विरतो आणि पटांगण स्वच्छ झाले असे आपण समजतो.

प्रस्तुत लेखकानेही शिक्षक असताना कित्येक वर्षे असेच केले आहे. एका शाळेत असताना सहावीतील एक मुलगी, ढिगास काडी लागण्यापूर्वी, त्यातील कागद व बाटल्या वेचून पिशवीत भरीत असे. घाणीत हात घालते म्हणून मी तिला सर्वांदेखत रागावलो. तिची आई जवळच्या बाजारपेठेत कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्यास विकीत असे, हे मला पुढे कळले. त्या ढिगातील कोणती वस्तू माणसाच्या उपयोगाची, कोणती जमिनीच्या उपयोगाची आणि कोणती कोणाच्याच उपयोगाची नाही, याचे ज्ञान त्या वर्गात त्या एका मुलीस होते. विज्ञान शिकविणारा मी मात्र त्या साऱ्यास एकच काडी लावीत होतो.

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, शाळेच्या कोपऱ्यात जो प्रश्न आहे तोच आज मोठमोठ्या नगरांपुढे उभा आहे. तेथे काडीच्या जागी कोट्यवधी रुपयांची भट्टी आली आहे, एवढाच फरक. नगराचा कचरा भट्टीत जाळावा, की ज्याच्या त्याच्या जागी वेगळा करून जिरवावा, या प्रश्नाचा विचार आपण प्रथम स्वतः करावा व मग तो विद्यार्थ्यांपुढे मांडावा, हा या लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्न कसा उत्पन्न झाला?

पूर्वी गावातील केर उकिरड्यावर जाई आणि उकिरड्यावरून शेतात जाई. त्यात शेण, राख, पालापाचोळा, खरकटे एवढेच असे. म्हणून तो कुजून खत होई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते ही म्हण आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. परंतु शेतकऱ्याच्या घरी ते दैव दर वर्षी मृगापूर्वीच पालटत असे. उकिरड्यात प्लास्टिक, औषधांच्या बाटल्या, विजेऱ्यांचे सेल व रंगाचे डबे येऊ लागले, तेव्हापासून तो शेताच्या उपयोगाचा राहिला नाही.

नगरांत हे रूप फार मोठे झाले. मुंबईच्या देवनार येथे १९२७ सालापासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथील ढिगास आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली आणि धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, आणि ग्रामस्थांस वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. शहरातून निघालेला कचरा शेवटी कोणत्या तरी गावाच्या सीमेवर येऊन पडतो, ही गोष्ट आपण खेड्यांतील शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावयास हवी.

कचऱ्याचे असे डोंगर असह्य झाले म्हणूनच भट्टीची कल्पना पुढे आली. तिच्या पुरस्कर्त्यांचा हेतू वाईट नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. ते म्हणतात, जागा उरली नाही. भट्टीत जाळल्यास कचऱ्याचे आकारमान सुमारे एकदशांश होते. शिवाय त्या उष्णतेवर वाफ करून वीज मिळते. हे म्हणणे ऐकावयास सरळ आहे. त्याची तपासणी आपण चार पायऱ्यांनी करू.

२. पहिली पायरी : ओल्या कचऱ्याचा हिशेब

आपल्याकडील घरगुती कचऱ्यात सुमारे निम्मा भाग ओला असतो. भाज्यांची देठे, फळांच्या साली, खरकटे, चहाचा चोथा हे सर्व त्यात येते. भाजीच्या सालींत शंभर भागांत ऐंशीहून अधिक भाग पाणीच असते. पाणी जळत नाही हे पहिलीतील मूलही सांगेल.

आता गणित करू. एक किलोग्रॅम पाणी एक अंश तापविण्यास जी उष्णता लागते ती एक उष्मांक. पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास ७५ उष्मांक लागतात आणि त्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० उष्मांक लागतात, एकूण ६१५. एक किलोग्रॅम सालींत ८०० ग्रॅम पाणी धरले, तर ते उडवून लावण्यास ४९२ उष्मांक खर्च होतील. उरलेला २०० ग्रॅम सुका भाग जळून सुमारे ८०० उष्मांक देईल. म्हणजे मिळालेल्या उष्णतेतील शंभरांपैकी सुमारे साठ भाग पाणी वाळविण्यातच गेले. जे उरले त्याचीही वीज करताना वाफेच्या यंत्रात बराच मोठा भाग वाया जातो.

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डेन्मार्कच्या साहाय्याने कचरा जाळून वीज करणारी भट्टी उभारण्यात आली. दररोज ३०० टन कचरा जाळावा अशी तिची योजना होती. यंत्रे बनविणाऱ्यांनी दर किलोग्रॅममागे सुमारे १,४५० उष्मांक मिळतील असे गृहीत धरले होते. दिल्लीच्या कचऱ्यातून त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. कचरा ओला होता, त्यात धूळमाती फार होती, आणि कागद व चिंध्या तर कचरा वेचणाऱ्यांनी आधीच उचलून नेल्या होत्या. भट्टी अवघे २१ दिवस चालली व बंद पडली. यंत्र वाईट होते असे नव्हे. ते दुसऱ्या देशाच्या कचऱ्यासाठी बनविलेले होते.

३. दुसरी पायरी : जाळल्याने वस्तू नाहीशी होते काय?

द्रव्य नष्ट होत नाही, ते केवळ रूप पालटते, हा नियम आपण सातवीच्या आसपास शिकवितो. आणि त्याच शाळेच्या पटांगणात कचरा जाळून नाहीसा झाला असे मुलांस दाखवितो. या दोन शिकवणुकींत मूल दुसरीच खरी मानते, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली असते.

खरे असे आहे की, १२ किलोग्रॅम कार्बन जळताना हवेतील ३२ किलोग्रॅम प्राणवायू घेतो आणि ४४ किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड होतो. जे डोळ्यांपुढून गेले ते वजनाने वाढूनच आकाशात गेले. जे जळले नाही ते राख होऊन खाली उरले. चांगल्या चालविलेल्या भट्टीतही कचऱ्याच्या वजनाच्या सुमारे पाचवा ते चौथा भाग राख राहते. आपल्या कचऱ्यात झाडलोटीची माती अधिक असल्याने ती त्याहूनही अधिक राहण्याचा संभव असतो. धुरातून गाळून काढलेल्या बारीक राखेत तर शिसे, कॅडमियम अशा जड धातूंचे अंश एकवटलेले असतात. ती राख ठेवण्यास पुन्हा जागा लागते. आणि ती जागा साध्या कचऱ्याच्या जागेहून अधिक सांभाळावी लागते.

४. तिसरी पायरी : धूर

प्लास्टिकच्या काही जातींत क्लोरीन असते. नळ, विजेच्या तारांची आवरणे, काही पिशव्या व चपला त्यांपासून बनतात. क्लोरीनयुक्त वस्तू अर्धवट जळल्या, किंवा जळल्यानंतरचा धूर हळूहळू निवत गेला, तर डायॉक्सिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती लवकर विघटन पावत नाहीत. गवतावर बसतात, गाईच्या पोटात जातात, दुधातील स्निग्धांशात साठतात आणि अखेरीस माणसाच्या शरीरात येतात. ती कर्करोगास कारण होऊ शकतात. २००१ साली स्टॉकहोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात अशा द्रव्यांच्या उगमांत कचऱ्याच्या भट्ट्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि भारताने तो करार २००६ साली मान्य केला.

भट्टीचे पुरस्कर्ते म्हणतात की, उत्तम भट्टीत धूर ८५० अंशांहून अधिक उष्णतेत निदान दोन सेकंद ठेवला जातो व मग तो झपाट्याने निववून गाळला जातो, त्यामुळे हा दोष राहत नाही. उत्तम भट्टीत हा दोष पुष्कळ कमी होतो, हे खरे आहे. परंतु या द्रव्यांची मर्यादा एक घनमीटर धुरात एका ग्रॅमच्या अब्जावधी भागाच्याही दशांशाएवढी सूक्ष्म ठरविलेली आहे. तिची मोजणी क्षणोक्षणी होत नाही. अधूनमधून नमुना घेऊन प्रयोगशाळेत करावी लागते. ओला कचरा आला, उष्णता उतरली, गाळणी बदलण्यास उशीर झाला, तर शेजारच्या गावास ते कळण्याचा मार्ग कोणता? आणि आपल्या पटांगणातील ढिगास तर ना उष्णतेचे माप आहे, ना गाळणी. तेथील धूर सर्वांत लहान मुलांच्या तोंडाशी असतो.

५. चौथी पायरी : भट्टीची भूक

भट्टी एकदा पेटली की तिला रोज ठरावीक कचरा द्यावाच लागतो. तिच्यासाठी केलेले करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात. ओला कचरा जळत नसल्यामुळे तिला जे पाहिजे असते ते कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. नेमक्या याच वस्तू पुन्हा उपयोगात येऊ शकतात आणि याच वस्तूंवर कचरा वेचणाऱ्या सहस्रावधी कुटुंबांचे पोट चालते. रद्दीपासून पुन्हा कागद केल्यास नव्याने लगदा करण्याचे श्रम, पाणी व इंधन वाचते. तीच रद्दी जाळल्यास थोडी उष्णता एकदाच मिळते.

शिवाय ज्या नगराने कचरा कमी करण्याचा निश्चय केला, त्याची भट्टी उपाशी राहते. कचरा कमी व्हावा अशी इच्छा व भट्टी चालावी अशी इच्छा, या दोन्ही एकत्र नांदत नाहीत.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे १८७४ साली नगराचा कचरा पद्धतशीर जाळण्याची भट्टी प्रथम उभारली गेली. म्हणजे ही कल्पना दीडशे वर्षांची आहे. महाराष्ट्रातही ती आता आली आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या मोशी येथील कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इतर नगरांतही असे विचार चालू असतात. म्हणून उद्याच्या नागरिकास हा हिशेब करता आला पाहिजे.

येथे एक अपवाद नोंदविणे न्यायाचे होईल. रुग्णालयांतील रोगजंतुयुक्त कचऱ्याचा काही भाग जाळणे अवश्य असते, आणि त्यासाठी वेगळे नियम व वेगळ्या भट्ट्या आहेत. आपला आक्षेप आहे तो घराघरांतील सरमिसळ कचरा जाळण्यास.

६. जिरविण्याची परंपरा

मग दुसरा मार्ग कोणता? तो आपल्या परिचयाचाच आहे. इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर देऊन, ते योग्य वेळी परतवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत सिद्ध केली. त्यावरील त्यांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले आणि ती रीत इंदूर पद्धत या नावाने जगभर गेली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या भिंतीत हवेसाठी फटी ठेवून बांधलेल्या टाक्यात थोड्या शेणात पुष्कळ खत करून दाखविले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते टाके नाडेप म्हणून ओळखले जाते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे सोनखत करण्याचा प्रयोग केला. आणि हे काम अमुक जातीचेच, ही समजूत स्वतः ते काम करून मोडली.

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यापासून इंधनवायूही मिळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी त्यासाठी निसर्गऋण नावाचे संयंत्र सिद्ध केले. पुण्यातील आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घरगुती वापराचे लहान संयंत्र केले, आणि त्या कार्यास २००६ साली लंडनमध्ये ॲश्डेन पारितोषिक मिळाले. लक्षात घ्यावे की, भट्टीत जे पाणी शत्रू ठरते तेच येथे मित्र होते. कारण जीवाणूंस ओलावाच हवा असतो.

७. आजचे तीन अनुभव

पहिला अनुभव वेंगुर्ल्याचा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सुमारे बारा हजार वस्तीच्या या गावात तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या कारकीर्दीत नगरपरिषदेने घरोघरी ओला, सुका, प्लास्टिक, काच व धातू असे वर्ग करून घेण्याची शिस्त लावली. ओल्यापासून वायू व खत, सुक्यापासून जळणाच्या विटा, प्लास्टिकचे तुकडे करून ते रस्त्याच्या डांबरात, अशी प्रत्येकाची वाट ठरली. जेथे पूर्वी नाक दाबून जावे लागे, ती कचरा टाकण्याची जागा इतकी पालटली की लोक तेथे सहलीस येऊ लागले. हे एका मोठ्या यंत्राने साधले नाही; घराघरांतील वेगवेगळ्या टोपल्यांनी साधले.

दुसरा अनुभव पुण्याचा. तेथे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे २००८ साली त्यातून स्वच्छ ही कचरा वेचणाऱ्यांचीच सहकारी संस्था महानगरपालिकेच्या सहकार्याने काम करू लागली. उकिरड्यावर वाकून वेचणाऱ्या स्त्रिया आता ओळखपत्र घेऊन दारी येतात, वेगळा केलेला कचरा नेतात व सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांस मिळतात. सारे प्रश्न सुटले असे नाही; वेतन, निवारा, वेगळा न केलेला कचरा यांवरून वाद होतच राहतात. तथापि कचरा वेचणारा मनुष्य हा या कामातील जाणकार आहे, ही गोष्ट त्या नगराने मान्य केली.

तिसरा अनुभव आपल्या नाशिकचा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथील महानगरपालिकेने घंटागाडी सुरू केली. घंटा ऐकून कचरा दाराशी आणून द्यावयाचा, ही सवय नाशिककरांच्या अंगवळणी पडली आणि घंटागाडी हा शब्द सर्व महाराष्ट्रात रूढ झाला. पाथर्डीच्या परिसरात महानगरपालिकेचा खतप्रकल्प आहे; आणि २०१७ साली जर्मनीच्या साहाय्याने, हॉटेलांतील ओला कचरा व शौचालयांतील मैला एकत्र कुजवून त्यावर वीज करण्याचा प्रकल्प तेथे सुरू झाला. वीज येथेही करावयाची आहे, परंतु ती जाळून नव्हे, कुजवून. गणेशविसर्जनाच्या दिवशी गोदेच्या घाटांवर निर्माल्य वेगळे गोळा केले जाते, तोही याच शिकवणीचा भाग होय.

तथापि घंटागाडीत शिरताना जो कचरा सरमिसळ असतो, तो पुढे कोणतेही यंत्र नीट वेगळा करू शकत नाही. काचेचा एक तुकडा साऱ्या खतास निरुपयोगी करतो. निवड व्हावयाची ती घरातच. आणि घरातील सवय पालटण्याचे सामर्थ्य आईबापांहून शाळेतून घरी आलेल्या मुलात अधिक असते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

८. कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या घनकचरा नियमांनी कचरा निर्माण होतो तेथेच ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले आणि उघड्यावर जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास पाच हजार रुपये, व मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरविला. याच नियमांत, ज्याचा पुन्हा उपयोग होत नाही व जो दर किलोग्रॅमला १,५०० किंवा अधिक उष्मांक देतो असा कचरा ऊर्जेसाठी वापरावा, असेही म्हटले होते. म्हणजे भट्टीचा क्रम सर्वांत शेवटी लागतो. आधी वेगळे करणे, पुन्हा वापरणे व कुजविणे हे सर्व झाले पाहिजे. शेवटची पायरी पहिली करणे हाच खरा दोष आहे.

९. शाळेत करावयाचा पाठ व उपक्रम

पुढील उपक्रम कोणत्याही शाळेत खर्चावाचून होण्यासारखे आहेत.

(अ) तोलणे : एक आठवडा शाळेतील केर वेगवेगळ्या टोपल्यांत घेऊन रोज तोलावा. पालापाचोळा, पोषण आहारातील उरलेले अन्न, कागद, प्लास्टिक, इतर, असे पाच रकाने फळ्यावर आखून नोंद करावी. आठवड्याच्या अखेरीस शेकडेवारी काढावी. गणिताचा हा पाठ मुले विसरत नाहीत.

(आ) वाळविणे : एक किलोग्रॅम भाजीच्या साली सुपात पसरून चार दिवस उन्हात ठेवाव्या व पुन्हा तोलाव्या. जे वजन गेले ते पाणी. घंटागाडी मैलोगणती काय वाहून नेते व भट्टीत काय घातले जाते, हे मुलांनीच सांगावे.

(इ) पुरणे : सहा कुंड्यांत अनुक्रमे कांद्याची पात, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, बिस्किटाची पुडी, काचेची गोटी व लोखंडी खिळा पुरून पाणी शिंपडावे. दोन महिन्यांनी उकरून पाहावे व निरीक्षण वहीत लिहावे.

(ई) जिरविणे : निफाड, दिंडोरी, येवला अशा बेताच्या पावसाच्या भागात दोन मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्डा पुरतो. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या अतिपावसाच्या भागांत खड्ड्यात पाणी साचते; तेथे जमिनीवर फटी ठेवून रचलेल्या विटांचे छोटे टाके करावे व वर पेंढ्याचे छप्पर घालावे. वीतभर पालापाचोळा, त्यावर शेणकाला, त्यावर मूठ-मूठ माती, असे थर द्यावे. उरलेले अन्न थोडेच घालावे व ते लागलीच मातीने झाकावे, म्हणजे उंदीर व कुत्री येत नाहीत. मुठीत दाबल्यावर हात ओला होईल पण पाणी गळणार नाही, इतका ओलावा राखावा. आठवड्याने आत लोखंडी गज खुपसून काही वेळाने बाहेर काढावा. तो तापलेला लागेल. ही उष्णता जीवाणूंच्या कार्याची आहे. आगीवाचून उष्णता उत्पन्न झालेली पाहून मुलांस वाटणारे नवल, हाच पाठाचा आरंभ समजावा.

(उ) गावाशी संबंध : आपल्या जिल्ह्यात द्राक्षांच्या छाटणीच्या काड्या व उसाचे पाचट बांधावर पेटविण्याची चाल अजून आहे. काड्या बारीक करून किंवा पाचट सरीत पसरून जमिनीस परत देणारे शेतकरीही आहेत. अशा एखाद्या शेतकऱ्यास शाळेत बोलावून त्याचा अनुभव मुलांस ऐकवावा.

१०. शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

काच, सुया, औषधे, विजेऱ्यांचे सेल व स्वच्छतेचे वापरलेले कपडे यांस मुलांनी हात लावू नये. ते मोठ्यांनी वेगळे बांधून ठेवावे. काम झाल्यावर साबणाने हात धुणे अपरिहार्य समजावे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. झाडण्याची व वेचण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांस आली पाहिजे. मुलगा-मुलगी, श्रीमंत-गरीब, अमुक जात-तमुक जात असा भेद त्यात लवमात्र येता कामा नये. शिक्षा म्हणून हे काम कोणासही देऊ नये. गाडगे महाराजांनी जन्मभर हाती खराटा धरला आणि २००० सालानंतर त्यांच्याच नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले. तो खराटा लोकांच्या आदरास पात्र झाला, कारण त्यांनी तो स्वतः धरला होता. पहिल्या आठवड्याची पाळी मुख्याध्यापकांनी घ्यावी. वर्गात कचरा वेचणाऱ्या कुटुंबातील मूल असेल, तर वस्तूंची निवड कशी करावी हे सांगण्याची संधी त्यास द्यावी. परंतु त्याची इच्छा असेल तरच, आणि त्याच्या घरचा उल्लेख न करता.

११. अभ्यासासाठी प्रश्न

(१) १ किलोग्रॅम कचऱ्यात निम्मे पाणी असल्यास ते २५ अंशांपासून तापवून उडवून लावण्यास किती उष्मांक लागतील?
(२) तिमारपूरची भट्टी बंद का पडली? तीन कारणे लिहा.
(३) रद्दी विकणे व रद्दी जाळणे यांत कोणाकोणाचा लाभ व कोणाकोणाची हानी होते?
(४) तुमच्या गावातील कचरा शेवटी कोठे जातो? वडील माणसांस विचारून पूर्वीची व आताची स्थिती लिहा.
(५) तुमच्या गावाजवळ कचऱ्याची भट्टी उभारावयाची ठरल्यास ग्रामसभेत तुम्ही कोणते चार प्रश्न विचाराल?

शेवटच्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. विद्यार्थ्यांनी भट्टीच्या बाजूने मत दिले व त्यास कारणे दिली, तर तेही ग्राह्य मानावे. हिशेब करून बनविलेले मत आपणांस हवे आहे.

उपसंहार

आठ-दहा शाळांतून या उपक्रमांस आरंभ झाला तरी त्यांचे अनुभव इतरांच्या उपयोगी पडतील. प्रत्येक शाळेने आठवड्याच्या तोलाची नोंद केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत आणावी. पाचोळा किती, अन्न किती, प्लास्टिक किती, हे आकडे समोर आले म्हणजे पोषण आहार किती शिजवावा व शाळेभोवती कोणता खाऊ विकू द्यावा, याचाही विचार करता येईल.

तोपर्यंत एक गोष्ट आजपासून होऊ शकते. पटांगणाच्या कोपऱ्यातील जळका काळा डाग खणून तेथे शेणमाती घालावी व येत्या पावसाळ्यात एक रोप लावावे. काडेपेटी स्वयंपाकघरात ठेवावी. शाळेच्या केराशी तिचे काही काम नाही.